वसतिगृहाची प्रश्नवही

करंट गेला तेव्हा रूपश्रीचं मार्क्सकार्ड लॅमिनेशनच्या यंत्रात अर्धं आत आणि अर्धं बाहेर होतं.

"अगंबाई! अडकलं की!" ती ओरडली. अस्सल मराठीत.

बेंगळुरात, मल्लेश्वरमच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात तिचं मराठी कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. दुकानदार कानडी, शेजारी उभा असलेला म्हातारा तमिळ. पण तिच्या मागे छातीशी कागद घट्ट धरून उभा असलेला एक उंच, सडपातळ मुलगा फिसकन हसला, आणि आपण हसलो याचीच भीती वाटून गप्प झाला.

ती वळली. "हसायला काय झालं? तुम्हाला कळलं?"

"स्वल्प."

"स्वल्प कळलं, की सगळं?"

"सगळंच," तो म्हणाला. "आमच्या घरी पण… हीच भाषा."

एरवी तिनं आणखी चार प्रश्न विचारले असते. पण यंत्राचे रूळ अजून तापलेलेच होते आणि प्लास्टिकचा करपट वास सुटला होता. आत होतं ते बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं मूळ मार्क्सकार्ड. पाच वाजता कंपनी अर्ज घेणं बंद करणार होती. दुकानदार हात चोळत म्हणत होता, "करंट आला की निघेल अम्मा, स्वल्प थांबा." बाहेर बारीक भुरभुर चालू होती. पलीकडच्या दुकानातून कॉफी भाजल्याचा वास येत होता, आणि रूपश्रीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

मुलानं आपले कागद काउंटरवर ठेवले, दुकानदाराला खुणेनंच विचारलं, आणि यंत्राच्या बाजूचं झाकण काढलं. आतलं दातेरी चाक बोटानं चाचपून तो उलटं फिरवू लागला. एक दाता… दुसरा… तिसरा. कार्ड केसभर केसभर मागे सरकत बाहेर आलं. एका कोपऱ्याला फुगा आला होता. अक्षरं शाबूत होती.

"बोट भाजलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

भाजलं होतं. तो बोट मुठीत लपवत होता, तेवढ्यावरून तिला ते कळलं.

"कुठं असता तुम्ही?"

"इथंच. पुढच्या क्रॉसवर, आडव्या गल्लीत. समाजाच्या वसतिगृहात."

तिचे डोळे एकदम मोठे झाले. "ते… प्रश्नवहीवालं?"

गिरीराज मोहित्यानं काउंटरवरचे कागद उचलून पुन्हा छातीशी धरले. वहीची कीर्ती मुलींपर्यंत पोचली असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या वसतिगृहात बावीस मुलं राहत. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी कॉमर्सला. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे आणि बाहेर कानडीत वाढलेले, होसकोटे-कोलारपासून आलेले. एकमेकांना सख्ख्या भावासारखे शिव्या घालणारे आणि जपणारे. त्यांचा एक रिवाज होता. कुठल्याही कंपनीची मुलाखत देऊन आलेल्या मुलानं पायांतले बूट काढायच्या आधी जेवणघरातल्या बाकावर बसायचं आणि तिथं विचारलेला प्रश्न न् प्रश्न सांगायचा. बूट काढले की माणूस सैल होतो, आणि सैल झाला की विसरतो, असं जुन्या मुलांचं म्हणणं. जो सगळ्यांत थोरला, त्यानं ते वहीत उतरवायचं. प्रश्नही, आणि मुलानं दिलेलं उत्तरही, मग ते कितीही भिकार असो. नऊ वर्षांची ती वही म्हणजे त्या मुलांची देवघरातली पोथी होती. पूर्वी कधीतरी ती कुठल्याशा क्लासवाल्याच्या हाती लागली होती आणि त्या वर्षी कंपन्यांनी प्रश्नच बदलले होते. तेव्हापासून नियम एकच… वही घराबाहेर जात नाही.

गिरीराजला त्या वहीचा आधार वाटे आणि तिची धास्तीही वाटे. कारण तिच्यात तोही होता. दोनदा.

पहिल्या मुलाखतीत त्याला म्हणाले होते, "स्वतःबद्दल सांगा." त्यानं छताकडे पाहिलं. हंबीरराव हा त्या वर्षीचा थोरला. त्यानं वहीत ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'उत्तर : पंखा बघितला.' महिन्यानं दुसरी मुलाखत झाली. प्रश्न तोच. हंबीररावनं लिहिलं, 'उत्तर : पुन्हा पंखा. हा वेगळ्या कंपनीचा.' सगळे पोट धरून हसले. गिरीराजही हसला, पण त्या रात्रीचं जेवण त्याला गेलं नाही.

आता तिसरी आणि शेवटची मुलाखत उरली होती. होसकोट्याच्या कारखान्यात थोरल्या भावानं त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पहिल्या ऑगस्टपासून शिफ्ट सुपरवायझर. वाईट काही नव्हतं त्यात. पण चार वर्षं रात्रंदिवस जे शिकलो ते एका प्रश्नापाशी अडून फुकट जाणार, हा विचार त्याला झोपू देत नसे. आणि त्या दुपारपासून त्यात आणखी एका विचाराची भर पडली. होसकोट्याला गेलो तर मल्लेश्वरमच्या या रस्त्यानं ती पुन्हा दिसणार नाही.

ती मात्र पुढच्याच शनिवारी दिसली. दिसली कसली, वसतिगृहाच्या कोपऱ्यावर उभीच होती.

"अर्ज वेळेत गेला," ती म्हणाली. "तुमच्यामुळं. म्हणून आणखी एक मागायला आलेय."

"काय?"

"वही."

"ते… ते नाही जमणार."

"माहीत होतं. पण विचारलं. आमच्या कॉलेजातली कुणीच मुलगी अजून असल्या कंपनीत गेलेली नाही हो. काय विचारतात, कसं बसायचं, आधी नमस्कार करायचा की हात पुढं करायचा, सांगायला कुणी नाही. अप्पांचं चिकपेटेत लेस-बटणांचं दुकान. ते म्हणतात, 'गिऱ्हाइकाशी बोलतेस तसं बोल.' तसं बोलले तर ते मला लेस दाखवायला सांगतील!"

तो हसला. मग न राहवून म्हणाला, "वही देता येणार नाही. पण मला पाठ आहे."

"सगळी?"

"झोप येत नाही तेव्हा वाचतो. त्यामुळं…"

ती पाठ केलेली वही तळ्याकाठच्या एका बाकावर उघडली गेली. शनिवारी, मग बुधवारी, मग दर एक दिवसाआड, चार ते साडेपाच. बाकाच्या मध्ये दोघांच्या पिशव्या, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. एकदा त्यानं साहेब व्हायचं, एकदा तिनं.

ती साहेब झाली की फार कडक व्हायची. चष्मा नव्हता, तरी नाकावर सरकवल्यासारखा करायची.

"मिस्टर मोहिते, तुमची सगळ्यांत मोठी उणीव?"

"बोलता येत नाही."

"हे न बोलता सांगताय का?"

"म्हणजे… चार लोकांपुढं."

"लिहून घेतलं. आणि जमेची बाजू?"

वाऱ्यानं झाडावरचं पाणी दोघांच्या अंगावर शिंपडलं.

"सांगा की. साहेबांना वेळ नाही."

"लॅमिनेशनचं यंत्र उघडता येतं."

रूपश्री इतकी हसली की फिरायला आलेले दोन म्हातारे थांबून बघू लागले. तिनं ओढणी तोंडाला लावली. "नापास! पण… मला आवडलं उत्तर. बरं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पावसाचे बारीक थेंब तिच्या भुवईवर अडकले होते. उत्तर आलं होतं. ओठांपर्यंत आलं होतं… आणि त्यानं मान वर केली.

"तुम्ही सारखं वर काय बघता हो?"

"काही नाही."

"मग उत्तर?"

"तयार नाही."

"तयार आहे," ती हळूच म्हणाली. "बाहेर येत नाही, एवढंच."

त्या दिवशी साडेपाचाचे सहा झाले.

दोघांचे अर्ज एकाच कंपनीत होते. तिच्या लेखी परीक्षेत दोघंही निवडले गेले. वसतिगृहातला विनोदकुमारही. विनोद म्हणजे गिरीराजचा खोलीतला सोबती. याचा साबण वापरणारा, याच्या उशीवर झोपणारा, आणि याच्या वतीनं सगळ्यांशी भांडणारा. मुलाखतींच्या तारखा आल्या. शुक्रवारी रूपश्री आणि विनोद, शनिवारी गिरीराज.

बुधवारी बाकावर ती नेहमीसारखी हसली नाही. बोटांत बोटं अडकवून बसली होती.

"गिरीराज, तुम्ही सांगता ते सगळं लक्षात राहतं. पण घरी गेलं की वाटतं, काहीतरी राहिलं. काहीतरी मोठं राहिलं आणि नेमकं तेच विचारतील. काल मला स्वप्न पडलं की साहेब कानडीत विचारतायत, मी मराठीत सांगतेय आणि तोंडातून शब्दाच्या जागी बटणं पडतायत."

तो हसला नाही. असली स्वप्नं त्याच्या रोजच्या ओळखीची होती. त्याला वाटलं, हिला नेमकं काय होतंय हे या शहरात आपल्याइतकं कुणालाच कळणार नाही. आणि जे चार वर्षांत त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. वसतिगृहात जाऊन वही शर्टाच्या आत घालून आणली.

"उद्या सकाळी नऊला इथंच परत द्या. विनोदला उद्या लागेल. आणि झेरॉक्स काढू नका हं. नेण्यात अर्धा गुन्हा आहे, झेरॉक्समध्ये पूर्ण."

"गळ्याशपथ."

ती गेली, आणि मग त्याला आठवलं. पान एकशे चाळीस. पंखा. पान एकशे त्रेपन्न. पुन्हा पंखा. तो धावत कोपऱ्यापर्यंत गेला, पण बस निघून गेली होती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती आली नाही. साडेनऊला नाही. दहाला नाही. तळ्याकाठी बसून तो येणारा प्रत्येक माणूस निरखत होता. तिनं वाचलं असेल, मग तिला कळलं असेल, हा आपल्याला शिकवतो तो स्वतः असा. किंवा वही हरवली असेल. किंवा… या दुसऱ्या 'किंवा'पुढं त्याला जाववेना. तिला फक्त वहीच हवी असेल तर?

चार वाजता विनोदनं जेवणघरातलं कपाट उघडलं.

"अण्णा, वही कुठंय?"

हंबीररावनं कपाट पाहिलं, माळ्यावर पाहिलं, बावीस बिछान्यांखाली पाहायला लावलं. मग सगळ्यांना बाकावर बसवलं. गॅलरीत वाळणारे कपडे फडफडत होते, तेवढाच काय तो आवाज.

"कुणी नेली?"

गिरीराज उभा राहिला. बेचाळीस डोळे त्याच्याकडे वळले. सवयीनं त्याची मान वर जाऊ लागली होती, पण समोर विनोदचा चेहरा होता. पांढरा पडलेला, उद्याची मुलाखत डोक्यावर असलेला. त्या चेहऱ्यावरून त्याला नजर काढवेना.

"मी दिली बाहेर."

"कुणाला?"

"ते सांगणार नाही."

"अय्यो, सांगणार नाही म्हणजे?" हंबीरराव उसळला. "नऊ वर्षांची वही तुझ्या मालकीची आहे? क्लासवाल्याला विकलीस काय?"

"विकली नाही अण्णा. ज्यांना दिली त्यांची उद्या मुलाखत आहे आणि सांगायला कुणी नाही. नाव सांगितलं तर तुम्ही सगळे त्यांच्या नावाचं काय करता, ते मला माहीत आहे. मला काय शिक्षा करायची ती करा. नाव मिळणार नाही."

"नाव 'त्यां'चं आहे म्हणे," मागून रघुपती कुजबुजला. "म्हणजे ओढणीवालं नाव आहे."

कुणी हसलं नाही. विनोद फक्त म्हणाला, "माझा विचार नाही आला तुला?"

हंबीररावच्या ओरडण्यापेक्षा ते जास्त लागलं. गिरीराज बाकावर विनोदच्या समोर बसला.

"कागद घे."

"कशाला?"

"घे रे. या कंपनीचे सहा वर्षांचे सगळे प्रश्न सांगतो. लिही. एक्क्याण्णव साली पाच जण गेले होते. पहिल्याला विचारलं…"

आणि तो सांगत सुटला. कोण गेलं होतं, काय विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, ते कुठं चुकलं, बरोबर काय होतं. कुठलं सर्किट काढायला लावतात, कुठला साहेब मुद्दाम रागावतो, कुठला फक्त ऐकतो. आधी विनोद लिहीत होता. मग रघुपतीनं कागद ओढला. मग सगळेच सरकून जवळ आले. तासभर झाला. हंबीरराव दाराला टेकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कधीच उतरला होता. त्याच्या जागी काहीतरी नवल आलं होतं. पण तो काही बोलला नाही. बोललो तर हा थांबेल, असं त्याला वाटलं असावं.

तेवढ्यात खाली स्कूटर थांबली.

स्कूटरवरून एक टक्कल पडलेले गृहस्थ उतरले. मागं ओढणीनं डोकं झाकलेली मुलगी. तिच्या हातात वही.

"गिरीराज कोण?" गृहस्थांनी जिन्यावरूनच विचारलं.

बावीस जण उभे राहिले आणि एकवीस जणांनी एकाकडे पाहिलं.

"मी मुकुंदराव. हिचा बाप. काल ही वही हिच्या पिशवीत सापडली. एवढ्या सगळ्या मुलांची अक्षरं! विचारलं, तर हिनं सगळं सांगितलं. सकाळी हिला म्हटलं, तू नाही जायचंस, मी नेऊन देतो. दुकानात घेऊन गेलो आणि…" ते जरा ओशाळले. "वाचत बसलो. गिऱ्हाईक आलं आणि गेलं, कळलं नाही. फार हसलो बघ पोरांनो. आणि मग वाईटही वाटलं. एवढी धडपड करता तुम्ही!"

रूपश्री पुढं झाली. "यांनी दिली नाही, मी मागितली. चार वेळा मागितली. आणि उशीर माझ्यामुळं… अप्पांमुळं झाला. रागवायचं तर आम्हाला रागवा, अण्णा."

एका परक्या मुलीनं इतक्या धिटाईनं 'अण्णा' म्हटल्यावर हंबीररावला रागवता येईना. "बसा अक्का," तो म्हणाला. "काका, तुम्ही पण. रघुपती, कॉफी टाक. स्वल्प साखर जास्त."

विनोदनं वही उघडली आणि तो एकदम ओरडला, "अण्णा! पान एकशे चाळीस!"

हंबीररावच्या ठसठशीत अक्षराखाली पेन्सिलीनं बारीक ओळ लिहिली होती. विनोदनं ती मोठ्यानं वाचली. " 'पंख्याला पाती किती होती?' आणि एकशे त्रेपन्नवर… 'या पंख्यापेक्षा आधीचा बरा होता काय? कळावे.' "

वसतिगृह हसण्यानं दणाणलं. गिरीराजचे कान लाल झाले. पण त्यानं तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत नव्हती. ती त्याच्या भाजलेल्या बोटावरच्या डागाकडे बघत होती.

निघताना जिन्यात ती घाईघाईनं म्हणाली, "उद्या झाली की पाच वाजता येते. बाकावर. काय विचारलं ते तुम्हाला आधी सांगते."

शुक्रवारी पाचला ती आली नाही.

विनोद तीनलाच आला होता. बुटांसकट बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं. बरी झाली होती. रूपश्री आत गेलेली त्यानं पाहिलं होतं, बाहेर येताना नाही. गिरीराज तळ्याकाठी अंधार पडेपर्यंत बसला. आता वही मिळाली, मुलाखत झाली, काम संपलं, असं मन एकदा म्हणे. ती तसली नाही, असं लगेच दुसऱ्यांदा म्हणे. या दोहोंच्या मध्ये त्याची उद्याची मुलाखत कुठल्या कुठं गेली होती.

शनिवारी हॉटेलातल्या त्या गार खोलीत तीन साहेब बसले होते. मधल्यानं इंग्रजीत म्हटलं, "मिस्टर मोहिते, स्वतःबद्दल सांगा."

गिरीराजनं मान वर केली.

वर पंखाच नव्हता. गुळगुळीत पांढरं छत, आणि कोपऱ्यात थंड हवा सोडणारी एक जाळी. बघण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. नजर खाली आली. समोर बसलेला माणूसही दमलेला होता, त्याच्या हातातही कागद होता आणि पेन थांबलेलं होतं. परवा प्रश्न लिहून घेताना विनोदचं थांबलं होतं, तसंच.

'लिहून घे,' गिरीराज मनात म्हणाला, आणि सांगू लागला. होसकोट्याचा, आठ भावंडांतला सहावा. बोलायला घाबरणारा, पण यंत्र बंद पडलं की न घाबरणारा. अडखळला, पुन्हा सुरू झाला. पंधरा मिनिटांची मुलाखत चाळीस मिनिटं चालली.

बाहेर फाटकापाशी, रस्त्याच्या पलीकडे, ती उभी होती. डोळे सुजलेले.

"कशी झाली?" तिनंच आधी विचारलं.

"बरी. तुम्ही काल…"

"मला विचारलं, स्वतःबद्दल सांगा." ती हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "आणि गिरीराज, मी वर बघितलं. इतकी तुमची थट्टा लिहिली आणि… एक शब्द फुटला नाही. काल आले असते तर तुम्हाला तोंडावरून कळलं असतं. तुमची आजची मुलाखत मला खराब करायची नव्हती. म्हणून घरीच बसले. तुम्हाला काय काय वाटलं असेल ते माहीत होतं मला. तरी बसले."

रस्त्यावरून बस गेली, तिच्या मागोमाग दुसरी गेली. त्याला एकच गोष्ट बोलायची होती, किती दिवसांची. आणि याच क्षणी बोलणं म्हणजे पडलेल्या माणसापुढं आपलं बक्षीस मिरवणं होईल, असंही वाटत होतं. न बोलावं, तर पुन्हा तेच.

"तुम्ही पाच वर्षांनी कुठं, असं विचारलं होतं ना," तो म्हणाला. "माझं उत्तर तेव्हाही… तुम्ही जिथं असाल तिथं, असं होतं."

तिनं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

"आज नका विचारू," ती म्हणाली. "आज मी 'हो' म्हटलं तर ते हरलेल्या दिवसाचं 'हो' होईल. उद्या मलाच त्याची शंका येईल… हिनं आधार धरला, की माणूस धरला? मला नोकरी लागू दे. मग विचारा."

"आणि वेळ लागला तर?"

"विनोदनं काल सांगितलं मला. एकवीस जणांपुढं उभं राहून माझं नाव न सांगणारा माणूस थोडा थांबणार नाही की काय?"

"सरी," तो म्हणाला. कानडीत, 'ठीक आहे' अशा अर्थानं.

विनोदची आणि त्याची निवड झाली. कंपनीनं सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. रूपश्रीची पत्रं यायची, पंधरा दिवसांनी एक. त्यांत मुलाखतींचे प्रश्न असायचे आणि तिनं दिलेली उत्तरं. ऑगस्टात नाही. सप्टेंबरात दोन ठिकाणी नाही. ऑक्टोबरातलं पत्र चारच ओळींचं होतं, आणि ते तो दोन दिवस खिशात घेऊन हिंडला. ती दमली असेल. वडिलांनी स्थळं बघायला घेतली असतील. आपण थांबू, पण तिला थांबता आलं पाहिजे ना…

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आंतर्देशीय आलं. 'कोरमंगलाच्या एका लहानशा कंपनीत लागले. आठच माणसं आहेत, मी नववी. शेजारच्या पद्माकरकाकांचा फोन नंबर खाली देते. रविवारी सकाळी दहाला मी तिथं असेन. आता विचारलं तरी चालेल.'

रविवारी पावणेदहाला तो एसटीडीच्या बूथवर होता. काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. मागं रांग होती. पिशवी घेतलेल्या एक आजीबाई, दोन कॉलेजची मुलं, एक लष्करातला जवान. बूथचं दार नीट लागत नव्हतं.

"हॅलो? रूपश्री?"

"बोला."

"पत्र मिळालं. अभिनंदन."

"थँक्यू. पुढं?"

"पुढं… जेवण झालं?"

"सकाळी दहाला?"

त्यानं घाम पुसला. आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल?"

"काय? खरखर येतेय. मोठ्यानं बोला."

"माझ्याशी… लग्न… कराल का?"

"काही ऐकू येत नाही हो! मोठ्यानं!"

गिरीराजनं मागं पाहिलं. रांग एकदम शांत झाली होती. आणि आता त्याच्या ध्यानात आलं. बेंगळुरात ते दोघं भर बाजारात काहीही बोलत, कुणाला पत्ता लागत नसे. हे पुणं होतं. इथं आजीबाईंपासून जवानापर्यंत प्रत्येकाला शब्द न् शब्द कळत होता.

आजीबाईंनी दार ढकललं. "अहो, ती मुद्दाम करतेय. एकदा जोरात विचारा आणि मोकळे व्हा. माझी लेक नाशिकला फोनपाशी ताटकळलीय."

त्यानं डोळे मिटले, आणि आयुष्यात प्रथमच ओरडला. "रूपश्री, माझ्याशी लग्न करशील काय?"

कॉलेजच्या मुलांनी शिट्टी मारली. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मुकुंदराव लांबून म्हणाले, "हो म्हण की पोरी, लाइन तुटेल!"

"ऐकू आलं," रूपश्री म्हणाली. तिचा आवाज हसत होता आणि ओला झाला होता. "पहिल्याच वेळेला आलं होतं."

"मग तीनदा का विचारायला लावलंस?"

"बरं वाटत होतं." तिनं श्वास घेतला. "आता माझं ऐक. हो."

लाइन अगदी स्वच्छ होती. तिच्यामागं पद्माकरकाकांच्या घड्याळात दहाचे ठोके पडत होते, तेसुद्धा मोजता येत होते.

"ऐकू आलं नाही," गिरीराज म्हणाला. "जरा मोठ्यानं."